जुन्या डिझेल गाडीची थरथर: चारही इंजेक्टर बदलायच्या आधी

आमच्या गाडीच्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पंधरा वर्षांची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपणार होती. त्याआधी तीन महिने, गणपती विसर्जनाच्या सुमारास, ती उभ्या उभ्या थरथरायला लागली. चालताना काहीच तक्रार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीसारखीच ओढायची, हायवेला शांत. पण सिग्नलला थांबलं की गिअरचा दांडा हलायचा, आतला आरसा इतका कापायचा की मागे कोणती गाडी आहे ते नीट दिसायचं नाही, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा साडेआठशेच्या खालीवर नाचायचा.

इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट, १२४८ सीसी. मूळ फियाटचं हे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारं) डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा कितीतरी गाड्यांत बसलं, त्यामुळे पुढचा अनुभव बऱ्याच जणांच्या कामाचा ठरेल. गाडी बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली, पुणे पासिंग, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. बाबा गेल्यावर फॉर्म ३१ भरून ती मी लगेच माझ्या नावावर करून घेतली होती. ज्यांचं हे काम राहिलंय त्यांनी आरसीची मुदत जवळ येण्याआधी ते उरकावं. नूतनीकरण आणि वारसा हस्तांतर एकदम अंगावर आलं की कागद फार वाढतात.

सप्टेंबरच्या शेवटी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, एकही एरर कोड निघाला नाही. तपासणीचे ८५० रुपये घेतले आणि चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे पार्ट) बदलावे लागतील म्हणून सांगितलं. अंदाजपत्रक ६४ हजार, मजुरी वेगळी. मी विचारलं, "नेमका कोणता इंजेक्टर खराब आहे?" उत्तर आलं, "मॅडम, पंधरा वर्षं झाली, चारही एकत्रच बदलायचे असतात." फरक पडला नाही तर काय, याचं उत्तर मिळालं नाही. अंदाजपत्रक मी लेखी मागून घेतलं. ते नक्की घ्या. पुढे दुसऱ्या माणसाशी बोलताना "काहीतरी साठ-पासष्ट हजार म्हणत होते" असं सांगण्यापेक्षा पार्टनिहाय कागद समोर ठेवता येतो.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. गाडीला बाजारात जेमतेम दीड लाख आले असते, त्यातले ६४ हजार इंजेक्टरवर घालायचे, वर आरसीचा खर्च. नाशिकचा भाऊ म्हणाला, "ताई, काढून टाक आता." काढायचीच असेल तर काढू, पण तिला काय झालंय हे कळल्याशिवाय नाही, एवढं मात्र त्या रात्री पक्कं झालं.

मग मी एक वही केली. आठवडाभर गाडी कधी थरथरते आणि कधी नाही, एवढंच त्यात लिहिलं. पुढच्या सगळ्या कामात या वहीचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच यंत्राचा झाला नाही. सकाळी थंड इंजिनावर थरथर जास्त, दहा मिनिटांनी कमी, पण पूर्ण जात नाही. एसी लावला की वाढते. पंधराशे आरपीएमला गायब. धूर पहिली दोन मिनिटं पांढुरका, नंतर नेहमीचा. थंड इंजिनावर बॉनेटजवळ कान नेला की टक-टक आवाजात एक बारीक 'फुस-फुस' मिसळलेली. आणि आईची तक्रार: सिग्नलला काच बंद करून एसी बंद ठेवला की डिझेलचा वास येतो, डोकं चढतं. हा वास मी बरेच दिवस पुढच्या ट्रकचा समजत होते. वहीत उतरवल्यावर दिसलं की रस्त्यात पुढे कोणी नसतानाही तो येतोय.

थोडा हिशोबही केला. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ८५० आरपीएमला मिनिटाला १७०० वेळा पेटतं. त्यातला एकच सिलिंडर कमजोर असेल तर तो मिनिटाला ४२५ वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे सात वेळा कमी जोर लावतो. सेकंदाला सात हादरे हाताला सहज कळतात. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरला (गरम असतं, जपून), तर धुराचा झोत एकसारखा न येता मधूनमधून अडखळत होता. इंजिन मिस करतंय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, हे तिथं कळलं. नुसतं इंजिन माउंटिंग (इंजिनाला धरून ठेवणारे रबराचे आधार) गेलेलं असतं तर गाडीचं शरीर हललं असतं, पण झोत आणि आरपीएमचा काटा शांत राहिला असता.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सुचवलेल्या हडपसरकडच्या छोट्या गॅरेजात गेले. मिस्त्री साठीचे, आयुष्य डिझेल गाड्यांत गेलेलं. त्यांनी आधी लेखी अंदाजपत्रक बाजूला ठेवलं आणि वही वाचली. पूर्ण वाचली. मग म्हणाले, "ताई, स्वस्तापासून सुरू करू. एक काम झालं की गाडी चालवून बघा, मग पुढचं. सगळं एकदम केलं तर कशानं बरी झाली ते मलाही कळणार नाही." मला त्यांच्यावर विश्वास बसला तो या वाक्यामुळे.

पहिलं माउंटिंग. हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडत आधी पहिला आणि मग रिव्हर्स टाकून त्यांनी इंजिन पुढे-मागे कसं झुलतं ते मला उभं करून दाखवलं. खालच्या टॉर्क रॉडचं रबर फाटलेलं होतं. नाना पेठेतून पार्ट आणला १,९०० ला, बसवायचे ४००. आत बसल्यावर जाणवणारी थरथर निम्मी झाली, आरसाही बराच स्थिर झाला. काटा मात्र तसाच नाचत होता. इथेच थांबायचा मोह होतो. गाडी बरी वाटते, आणि मूळ दुखणं आत चालूच राहतं.

दुसरं डिझेल फिल्टर. बदलण्याआधी त्यांनी खालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं आणि दहा मिनिटं ठेवलं. तळाला चमचाभर पाणी साचलं. पावसाळ्यानंतर हे प्रत्येकाने करून पाहावं, कारण कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला पाण्यासारखा शत्रू नाही. नवं फिल्टर १,१५० रुपये. थरथरीत फरक शून्य, पण ते काम व्हायलाच हवं होतं.

तिसरं ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. उघडल्यावर आत काजळीचा जाड थर. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, त्यामुळे आयडलला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) ताज्या हवेत धुराचा वायू नको तेवढा मिसळत होता. साफ करून नवीन गॅस्केट घातलं, ८०० रुपये. पिकअप हलका झाला, काळा धूर कमी झाला. सकाळची 'फुस-फुस' आणि मिसिंग कायम.

दरम्यान दिवाळी तोंडावर आली, गॅरेज गाड्यांनी भरलं. गाडी कधी मिळेल, कधी उभी राहील, याचा नेम नव्हता. आईला फिजिओथेरपीला न्यायचं असायचं तेव्हा रिक्षा. अशा कामासाठी गाडी लागणारच नाही असा काळ निवडता आला तर निवडा. मला निवडता आला नाही, कारण आरसीची तारीख ठरलेली होती.

चौथ्या टप्प्यावर मिस्त्रींनी लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर असलेल्या माणसाला बोलावलं. त्याचे ५०० रुपये. वर्कशॉपमध्ये फक्त कोड पाहिले होते. इथे प्रत्येक सिलिंडरचं फ्युएल करेक्शन पाहिलं. इंजिनचा संगणक आयडलला प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्याने क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) वेग किती वाढतो ते मोजतो, आणि जो मागे पडतो त्याला डिझेल वाढवून देतो. तीन सिलिंडरचं करेक्शन शून्याच्या आसपास, अर्धा मिलिग्रॅम इकडे-तिकडे. तिसऱ्याचं अधिक सव्वातीन. मग त्याने स्कॅनरवरूनच एकेक इंजेक्टर क्षणभर बंद करून पाहिला. पहिला, दुसरा, चौथा बंद केला की इंजिन ढासळायचं, तिसरा बंद केल्यावर जेमतेम फरक. कोड एकही नव्हता, तरी दुखणं तिसऱ्या सिलिंडरचं आहे हे पंधरा मिनिटांत समोर आलं. कुठेही गाडी नेली तरी "कोड आला का?" एवढ्यावर थांबू नका, "करेक्शन दाखवा" म्हणा.

(एक सूचना कळकळीने. जुन्या इंडायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत मिस्त्री नोझलचा पाइप पान्याने ढिला करून कोणता सिलिंडर मिस करतोय ते शोधायचे. कॉमन रेलवर हे कधीही, कोणालाही करू देऊ नका. आयडललाही रेलमध्ये शेकडो बार दाब असतो, जोर लावल्यावर तो हजाराच्या पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते.)

तिसरा सिलिंडर कमजोर, म्हणजे तिसरा इंजेक्टर खराब, असं मी धरून चालले होते. मिस्त्री म्हणाले, "नाही ताई. तिसऱ्या खोलीत अंधार आहे एवढंच कळलं. बल्ब गेला की वायर तुटली, ते बघायचंय." मग रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणारी) नळी काढून मापं असलेल्या चार पारदर्शक बाटल्या टांगल्या, मूळ रिटर्न लाइन बंद केली, आणि इंजिन आयडलला चालू ठेवलं. आतून झिजलेला इंजेक्टर जास्त डिझेल परत फेकतो, त्याची बाटली इतरांच्या आधी भरते. मी नजर न हलवता बघत होते. चारही बाटल्यांची पातळी जवळजवळ सारखी राहिली. ६०० रुपये लागले, आणि ६४ हजारांच्या अंदाजपत्रकाचा पाया तिथे हलला.

तेव्हा मिस्त्रींनी वहीतली आईची वासाची तक्रार पुन्हा वाचली. वरचं कव्हर काढलं, टॉर्च मारला. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर जमलेला. त्यावर साबणाचं पाणी ओतलं, इंजिन चालू केलं, आणि फेस आला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेव्हा येतात तसे बुडबुडे, एका लयीत. इंजेक्टर सिलिंडर हेडमध्ये (सिलिंडरवरच्या जाड झाकणात) जिथे बसतो तिथे त्याच्या टोकाशी तांब्याचा एक वॉशर असतो. पंधरा वर्षांत तो जळून त्याला वाट पडली होती. प्रत्येक कॉम्प्रेशनला, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना, तिथून वायू निसटत होता, म्हणून सिलिंडर कमजोर, म्हणून फुस-फुस, म्हणून बॉनेटमधून एसीच्या हवेच्या वाटेने आत येणारा वास. थंड इंजिनात तो जास्त निसटायचा, गरम झाल्यावर धातू प्रसरण पावून वाट थोडी बुजायची. वहीतली प्रत्येक ओळ आपापल्या जागी बसली. मला तिथे, त्या गॅरेजात, डोळ्यांत पाणी आलं.

पण खरी भीती पुढे होती. तो डांबरासारखा थर इंजेक्टरला हेडमध्ये सिमेंटसारखा धरून ठेवतो. मिस्त्रींनी आधीच सांगितलं, "काढताना तुटला तर नवीन घ्यावा लागेल, पंधरा-सोळा हजार. बोल्ट आत तुटला तर हेड उतरवावं लागेल. चालेल का?" मी एक रात्र मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. न काढण्याचा पर्याय नव्हता. वायू निसटत राहिला की हेडमधली बैठक खात जातो, आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. अशी जोखीम कामाआधी स्पष्ट सांगणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा.

दोन रात्री त्यांनी बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडत ठेवलं. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, इंजिन थोडं गरम करून स्लाइड हॅमरने, म्हणजे वरच्या दिशेने ठोके देणाऱ्या हत्याराने, हळूहळू ठोकत तिसरा इंजेक्टर वर घेतला. तास-दीड तास लागला. अखंड निघाला. वॉशरच्या एका बाजूला करवतीने कापावी तशी काळी खाच होती. बाकीचे तीन वॉशर गळत नव्हते, पण तेही पंधरा वर्षांचेच, म्हणून चारही बदलायचं ठरवलं.

इंजेक्टर बाहेर असतानाच त्या भोकांतून कॉम्प्रेशन मोजून घेतलं, ६०० रुपये. चारही सिलिंडर २६ ते २८ बारच्या दरम्यान. इंजिन आतून धडधाकट आहे हे कळल्यावर गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्नच उरला नाही. ही तपासणी एरवी महाग पडते, इंजेक्टर निघालेच असतील तर ती सोडू नका.

चारही इंजेक्टर पंप रूममध्ये, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे, पाठवले. बेंचवर तपासायचे प्रत्येकी ४५०, अल्ट्रासॉनिक सफाईचे मिळून ९००. तिथल्या काकांनी प्रत्येकाचा छापील रिपोर्ट दिला: कमी दाबाला किती डिझेल, जास्त दाबाला किती, रिटर्न किती. तिसऱ्याच्या टोकाला कार्बन होता, सफाईनंतर तोही मर्यादेत आला. एकही बदलावा लागला नाही. इकडे मिस्त्रींनी हेडमधली बैठक हाताने फिरवायच्या कटरने साफ केली. कटरला ग्रीस लावून, म्हणजे भुगा सिलिंडरमध्ये न पडता चिकटून बाहेर येतो. बैठक गुळगुळीत झाली नाही तर नवा वॉशरही थोड्या महिन्यांत गळतो, म्हणून हे काम घाईवर सोडू नये. वॉशर आणि नवे बोल्ट मिळून ६४० रुपये, काढण्या-बसवण्याची आणि बैठकीची मजुरी ३,५००. जुना वॉशर पुन्हा वापरायचा नाही, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, आणि प्रत्येक इंजेक्टर ज्या सिलिंडरमधून काढला त्यातच परत बसवायचा, कारण त्यावर कोरलेला कोड संगणकात त्या सिलिंडरच्या नावे नोंदलेला असतो. मी प्रत्येकाला चिकटपट्टी लावून आकडा लिहिला होता.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गाडी सुरू केली. सुरुवातीला हवा निघेपर्यंत अडखळली, मग काटा ८५० वर येऊन थांबला. स्कॅनरवर तिसऱ्याचं करेक्शन अधिक ०.४. वर्कशॉपचे ८५० धरून एकूण खर्च १३,६४० रुपये. वेळ मात्र सहा आठवडे गेला.

आता कागद. गाडी भारत स्टेज ३ या प्रदूषण मानकाची, त्यामुळे पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) सहा महिन्यांचं. डिझेल गाडीच्या धुराची तपासणी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून करतात, तेव्हा इंजिन कमाल वेगापर्यंत जातं, तेही पुन्हा पुन्हा. या इंजिनाला टायमिंग चेन असते आणि ती तेलावर जगते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी डिपस्टिकने ऑइलची पातळी बघून घ्या आणि वीस मिनिटं चालवून इंजिन गरम करूनच जा. आमच्या वर्गाला धुराच्या दाटपणाची मर्यादा मीटरमागे २.४५. मे महिन्यातल्या प्रमाणपत्रावर २.३१ होतं, म्हणजे काठावर. नोव्हेंबरमध्ये ०.९४ आलं. केंद्रावरच्या मुलाने नळी काढून पुन्हा एकदा घेतलं, तेवढंच आलं. दीडशे रुपये.

आरसीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २५ भरला. शुल्क ५,००० रुपये, पर्यावरण कर आणि स्मार्ट कार्ड-टपालाचे पैसे वेगळे. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, आणि चॅसी नंबरचा पेन्सिलने घासलेला ठसा. तो नंबर गाडीवर कुठे कोरलाय ते घरी शोधून, घासून साफ करून जा. आरटीओच्या तपासणीच्या मैदानावर माझ्या पुढचे गृहस्थ तो अर्धा तास शोधत होते. कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी आणून तो उतरवून घ्या.

तपासणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. सकाळी साडेनऊला गेले, नंबर साडेबाराला आला. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, चॅसी नंबर पाहिला, गाडी सुरू करायला लावली. एका बाजूचा नंबर प्लेटचा दिवा बंद निघाला, तो बाहेरच्या दुकानातून ३० रुपयांना आणून तिथेच बसवला. साधारण तीन आठवड्यांनी नवं आरसी कार्ड टपालाने आलं, पुढच्या पाच वर्षांचं.

हजार किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी कव्हर काढून पुन्हा साबणाचं पाणी ओतलं. फेस नाही, काळं काही नाही. पुढची तपासणी दहा हजारांवर करू म्हणाले. आईची तक्रार आता एवढीच आहे की एसी फार गार होतो.